बेरेन्सकाकूंचं अर्धं गाणं

जिना चढताना आधी वास आला. लाकडी पायऱ्यांना घासलेलं मेण, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात रटरटणारं कोबीचं सूप आणि तळाशी उभ्या केलेल्या सायकलींच्या ओल्या टायरांचा वास. अकरा वर्षांत या इमारतीतले निम्मे भाडेकरू बदलले असतील, दारावरची एकही पाटी मला ओळखीची दिसली नाही, वास तेवढा जागा सोडून गेला नव्हता. दुसऱ्या मजल्यावर थांबायचं सोडून मी सवयीने तिसऱ्याकडे वळले. मागून ईराने जर्मनमध्ये विचारलं, आपल्याला दुसऱ्या मजल्यावर जायचंय ना? ईरा चौदा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि आमचं दोघींचं व्यवस्थित भांडण होऊ शकतं.

तिला ब्राउनश्वाइग आठवत नाही. आम्ही इथून इंगोलश्टाटला गेलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिचे पहिले दात, पहिली पावलं, पहिला ताप सगळं या तिसऱ्या मजल्यावरचं. मी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून तिला सांगितलं, की इथे तू कपाळ आपटून घेतलं होतंस. ती म्हणाली, बरं. चौदाव्या वर्षी यापेक्षा जास्त काय म्हणणार?

गेल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बेरेन्सकाकूंच्या अक्षरात चार ओळी. त्या महिनाअखेरीला एका खोलीच्या घरात राहायला जाणार होत्या, जिथे जेवणाची आणि औषधाची सोय असते. पियानो तिथे मावत नव्हता, म्हणून जवळच्या गावातली एक शाळा तो नेणार होती, शुक्रवारी चार वाजता. माझी वही त्यांच्याकडे राहिली होती. हवी असेल तर दोन वाजता यावं, कॉफी मिळेल. माझा नवरा निखिल म्हणाला, अगं वहीच आहे ना, पोस्टाने मागव की. मी ऑफिसमधून सुट्टी काढली आणि ईराला बरोबर घेऊन सकाळची गाडी पकडली. वहीचं काही नव्हतं. मी त्या बाईंचं एक गाणं मोडलं होतं, त्यांच्या आयुष्यातलं एकुलतं एक, आणि ज्या पियानोवर ते जुळवता आलं असतं तो चार वाजता जाणार होता.

काकू आम्ही म्हणायचो, आमच्या आमच्यात. तोंडावर त्या फ्राउ बेरेन्स. निखिलने त्यांना पहिल्या महिन्यातच 'खालच्या काकू' करून टाकलं होतं, कारण त्या खालच्या मजल्यावर राहायच्या आणि कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं हे सांगायला हक्काने वर यायच्या. पिवळ्या डब्यात काच गेली, की काकू हजर. त्या पियानो शिकवायच्या. दुपारी एक ते तीन इमारतीत शांतता पाळायची असे, तीनला एक मिनिट कमी असताना मुलं घड्याळाकडे बघत बसायची आणि तीनच्या ठोक्याला सुरू होणारे त्यांचे अडखळते सूर आम्हाला जमिनीतून ऐकू यायचे.

मी पुण्याची. बारा वर्षं बाईंकडे गाणं शिकले आणि लग्न करून इकडे आले. निखिल सकाळी साडेसहाला वुल्फ्सबर्गच्या गाडीने जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. मधले साडेअकरा तास माझे आणि ईराचे. ईराचा सकाळचा डोळा लागला, की मी मोबाइलवरचा तानपुरा लावून खर्जाचा रियाज करायची. एकच सूर, चाळीस मिनिटं. बाईंनी सांगितलं होतं, बाकी सगळं सुटलं तरी चालेल, एवढं सोडू नकोस.

एक दिवस टपालपेटीत चिठ्ठी आली. मी शब्दकोश काढून बसले. लिहिलं होतं, 'रोज सकाळी एकच सूर गाणाऱ्या बाईंना कळवण्यात येते की तो सूर माझ्या पियानोत कुठेच नाही. खाली येऊन बघावं. बेरेन्स, दुसरा मजला.' मला वाटलं, तक्रारच आहे. माफी मागायला म्हणून बेसनाचे लाडू घेऊन, ईराला काखोटीला मारून मी खाली गेले. काकूंनी लाडू बशीत ठेवला, काट्याने त्याचे चार तुकडे केले, एक खाल्ला आणि म्हणाल्या, आता गा. मी सा लावला. त्यांनी पियानोवरची एक पट्टी वाजवली, मग शेजारची. माझा सूर त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या घरात त्यांना माहीत नसलेली खोली दाखवली होती.

तिथून सुरुवात झाली. त्या वर्षीचा शरद मला वासांनी आठवतो. रस्त्यावर कुजणारी चेस्टनटची पानं, काकूंच्या कोटाला येणारा लव्हेंडरच्या पिशवीचा वास, फिल्टरमधून टपटपणारी कॉफी. हीटर पहिल्यांदा चालू केला, की तापलेल्या धुळीचा वास यायचा. त्या मुलांना शिकवायला बसण्याआधी, दोन ते तीन, ती एक तास शांततेची वेळ आमची. शांततेच्या वेळेत वाजवायचं नाही, म्हणून त्या वेळात आम्ही बोलायचो. माझं जर्मन त्या वेळात सुधारलं, सरकारी वर्गात नाही. त्या मला चुका करू द्यायच्या आणि मग एकदम सगळ्या दुरुस्त करायच्या, पेन्सिलने मोजून.

पियानोला त्या पाय लावायच्या याचा मला पहिले काही दिवस फार त्रास झाला. वाद्याला पाय लागला, तर आपण लगेच हात लावून डोळ्यांना लावतो, आणि या बाई खाली तीन पितळी पट्ट्या सरळ पायाने दाबायच्या, तेही बाहेरच्या बुटांनी. मी शेवटी न राहवून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर वाजवताना त्या बूट काढून मोज्यांनी पेडल दाबू लागल्या. याच्यापुढे जाता येणार नाही, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं.

गाण्याचा विषय नोव्हेंबरात निघाला. चार वाजता अंधारून यायचे ते दिवस. काकूंनी कपाटातून एक कागदी फाइल काढली. आत हाताने लिहिलेली सहा पानं होती, शाई तपकिरी झालेली. हे गाणं त्यांच्या यजमानांनी रचलं होतं. हेर बेरेन्स शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. आयुष्यात त्यांनी एकच गाणं केलं, शब्दही त्यांचे आणि चालही त्यांची, आणि लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ते बायकोला दिलं. एक गळा आणि एक पियानो. याला ते लोक लीड म्हणतात. पियानो काकूंचा, पण काकूंना गाता येत नव्हतं, आणि हेर बेरेन्सांचा आवाज, काकूंच्याच शब्दांत, वर्गात फळ्यापर्यंत पोचेल एवढाच होता. गायला कुणीतरी शोधू, असं दोघं म्हणत राहिले. मग ते गेले.

त्यानंतर वीस वर्षं काकू आपला अर्धा भाग एकट्याच वाजवत होत्या. गाणाऱ्याच्या ओळी त्यांच्या डोक्यात. मी एकदा विचारलं, इतके विद्यार्थी आले-गेले, गाणारे मित्र असतील, कुणाला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, की गाणं नवऱ्याचं आहे असं सांगितलं, की लोक एकदम मऊ बोलायला लागतात, आणि मऊ बोलणाऱ्याबरोबर वाजवता येत नाही. मला त्यांनी निवडलं कारण मी शब्द समजून घेतल्यावर हसले होते.

हसणारच. आमच्या बंदिशींत सासू-नणंदा आणि पाण्याच्या घागरी असतात, हे मान्य, पण या गाण्यात धुणं होतं. संध्याकाळ झाली आहे, दव पडायला लागलंय आणि चादरी अजून दोरीवरच आहेत. दुसऱ्या कडव्यात ती बाई चादरीचं एक टोक धरून उभी आहे, दुसरं टोक धरायला कुणीतरी येईल म्हणून. तिसऱ्यात ती एकटीच घडी घालते, हनुवटीखाली चादर दाबून, टोकाला टोक जुळवून. संपलं. गणिताच्या मास्तरांनी केलेलं गाणं, कोपरे जुळलेच पाहिजेत. मी तसं म्हणाले तेव्हा काकू इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. त्या घरात इतकं मोठं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मला त्यांच्या खुणांतलं काही वाचता येईना. म्हणून मी एक लांब वही आणली आणि सगळं सारेगममध्ये उतरवून घेतलं, खाली जर्मन शब्द देवनागरीत. ज्या दिवशी मुलं नसायची, त्या दिवशी तीननंतर काकू एका बोटाने चाल वाजवायच्या, मी लिहायची. पहिली दोन कडवी सहज झाली. तिसऱ्यात घोडं अडलं. तिसऱ्या कडव्यात सा हलतो. आपल्याकडे काहीही होवो, सा हलत नाही. तानपुरा मागे चालू असतो, तुम्ही कुठेही भटकून या, तो घरी असतो. इथे ज्या सुरावर मी उभी होते तोच पायाखालून काढून घेतला जायचा आणि मला एक पायरी वर जाऊन दुसरा सा धरायला लागायचा. मी चिडायची. काकू शांतपणे म्हणायच्या, ती बाई आता एकटी आहे, तिला आधीच्या जागी उभं राहता येणार नाही.

पियानोचंही तसंच. आमचे पेटीवाले गाणाऱ्याच्या मागे असतात, तुम्ही जाल तिथे येतात. हा पियानो मागे येईना. तो शेजारून आपल्या वाटेने चालायचा आणि मी उशीर केला, की मोकळी जागा तशीच सोडून पुढे जायचा. आणि प्रत्येक ओळ एकदाच. मला सवय अशी, की ओळ आवडली की पुन्हा घ्यायची, जरा वेगळी करून, अजून एकदा घ्यायची. काकू पेन्सिल वाजवायच्या. शब्द एकदाच मिळतो, त्या म्हणायच्या, म्हणून नीट म्हणायचा. मी आत्तापर्यंत कुठलाच शब्द नीट म्हटला नव्हता, हे मला तिथे कळलं.

तो हिवाळा मला अजूनही जवळचा वाटतो. ईरा पियानोखालच्या गालिच्यावर झोपलेली असायची, तिच्या डोक्यावर एवढं मोठं लाकूड गुणगुणत असताना. खिडकीत मेणबत्तीच्या आकाराचे दिवे. काकूंनी शिकवलेल्या दालचिनीच्या चांदण्या, नाताळची बिस्किटं, मी करायची आणि त्या मला वेलची घालू द्यायच्या नाहीत, आणि मी घालायची. वसंतात बागेतल्या रानलसणाचा वास उघड्या खिडकीतून यायचा आणि मला घरच्या फोडणीची आठवण होऊन रडू यायचं, तेव्हा त्या काही न विचारता एक पान वाजवायच्या. त्या दिवसांत माझी आई पुण्याला होती, सासूबाई पुण्याला होत्या, बाई पुण्याला होत्या, आणि खाली काकू होत्या. मी त्यांना जीव लावून बसले होते. हे त्यांना कधी सांगितलं नाही, जर्मनमध्ये ते कसं म्हणतात ते तेव्हा मला येत नव्हतं आणि आता येतं तर संकोच वाटतो.

जूनमध्ये त्यांनी घरीच बैठक ठरवली. बारा खुर्च्या, शेजारीपाजारी, दोन जुने विद्यार्थी आणि शेवटी कापायला स्ट्रॉबेरीचा केक. एक गोष्ट त्या काही केल्या ऐकेनात. सलग पूर्ण गाणं आम्ही एकदाही म्हटलं नव्हतं. पहिलं कडवं एका दिवशी, दुसरं दुसऱ्या, तिसरं मी एकटीने, त्यांच्या एका बोटाबरोबर. जर्मन माणूस वाढदिवसाच्या शुभेच्छा एक दिवस आधी दिल्या तर घाबरतो, अपशकुन म्हणतो. काकूंचं तसंच होतं. पुरं फक्त त्या दिवशी.

त्या दिवशी मी मोरपंखी साडी नेसले होते. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्या पैठणी नेसून पहिल्या रांगेत, ईराला मांडीवर घेऊन. पहिलं कडवं झालं आणि माझ्या लक्षात आलं, की काकू वाजवत नाहीयेत, ऐकतायत. हात आपोआप चालले होते. दुसरं कडवं झालं. त्यानंतर चार मात्रा पियानो एकटा असतो, आणि त्या चार मात्रांमध्ये पहिल्या ओळीची सावली आहे, हे मी एकेक तुकडा करताना कधी ऐकलंच नव्हतं. ती सावली आली आणि बारा वर्षांची सवय उसळली. मुखडा आला. समेवर यायचंय. मी डोळे मिटून पहिली ओळ पुन्हा घेतली, चादरी अजून दोरीवरच आहेत, छान, जरा वेगळी करून, जुन्या सा वर. पियानो तोवर नव्या सा वर गेला होता.

दोन सूर एकमेकांवर आदळले. काकूंनी हात उचलले. मी थांबले. खोलीत इतकी शांतता झाली, की खालच्या रस्त्यावरून ट्राम गेलेली ऐकू आली. जर्मन लोक अशा वेळी हलत नाहीत, खोकतसुद्धा नाहीत. आणि त्या शांततेत सासूबाई खणखणीत मराठीत काकूंना म्हणाल्या, "अहो, पुन्हा घ्या की पहिल्यापासून, त्यात काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी विचारलं, काय म्हणतायत? मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी सांगितलं, की त्या म्हणतायत, फार सुंदर होतं. काकूंनी मान हलवली, सासूबाईंचे आभार मानले, उठल्या आणि केक कापायला घेतला.

तीन आठवड्यांनी निखिलची इंगोलश्टाटची नोकरी पक्की झाली आणि आम्ही खोकी बांधायला लागलो. मधल्या दिवसांत मी खाली गेले नाही. जिन्यात भेट झाली तर खोक्यांबद्दल बोललो. निघताना त्यांनी ईराला लाकडी बदक दिलं आणि मला हात दिला. मग नाताळचं कार्ड, दर वर्षी, दोन्हीकडून. माझा सकाळचा रियाज इंगोलश्टाटला पहिल्याच वर्षी सुटला. तानपुरा लावला, की मला ती शांतता ऐकू यायची. निखिलला मी नोकरीचं कारण सांगितलं, ईराच्या शाळेचं सांगितलं. खरं कारण मीच मला सांगितलं नाही.

आता काकूंनी दार उघडलं. त्या लहान झाल्या होत्या. बोटांचे सांधे सुजलेले. पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं, दोन वाजून तीन मिनिटं झाली होती, मग ईराकडे, आणि तिला म्हणाल्या, की तू माझ्या पियानोखाली झोपत होतीस. ईरा त्यांच्याशी घडाघडा बोलायला लागली, माझ्याशी आठवडाभरात बोलत नाही तेवढं. भिंतींवर चित्रं उतरवलेल्या जागी फिके चौकोन राहिले होते. खोलीत तीन खुर्च्या, खोकी आणि पियानो. अलुबुखारचा केक होता. माझी वही पियानोवर होती, मी हातात घेतली आणि माझंच अक्षर मला परक्या मुलीचं वाटलं. इतकं नेटकं मी कधी लिहायची?

कॉफी ओतताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या सासूबाई त्या दिवशी खरंच काय म्हणाल्या होत्या? सुंदर होतं असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो."

मी सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून घ्या म्हणाल्या.

"गेनाऊ," काकू म्हणाल्या. मग कप खाली ठेवला. "बरोबर बोलल्या. आणि तुम्ही मला ते सांगितलं असतं तर मी नाही म्हणाले असते. तुम्ही चुकलात, ते खरं आहे. पण थांबले मी. चाळीस वर्षं मी मुलांच्या चुकांमागे धावले आहे, तुम्हाला मी दोन मात्रांत गाठलं असतं. मी हात उचलले, कारण पुढचं पान शेवटचं होतं."

मला समजायला एक क्षण लागला. वीस वर्षं जे अर्धं जवळ होतं ते पुरं झालं असतं, तर मग दुसऱ्या दिवशी वाजवायला काय राहिलं असतं? आणि समजल्यावर मला दया नाही आली, संताप आला. मी म्हणाले, की अकरा वर्षं मी हे डोक्यावर घेऊन फिरतेय, मी गाणं सोडलं, तुम्ही एका नाताळच्या कार्डावर एक ओळ लिहायची होती. आवाज चढला होता माझा. ईरा केक खायची थांबली. आई गात होती हे तिला माहीतच नव्हतं.

"हो," काकू म्हणाल्या. "ते माझं चुकलं."

एवढंच. नंतर कारणं नाहीत, मनधरणी नाही. माझा राग जागेवरच विरला, कारण त्याला पुढे धरायलाच काही मिळेना. साडेतीन वाजत आले होते.

मी विचारलं, "आणि आता?"

"आता मला ते संपलेलं हवंय."

त्या स्टुलावर बसल्या. बोटं वळवून वळवून मोकळी करायला त्यांना बराच वेळ लागला. मी वही उघडून पियानोशेजारी उभी राहिले आणि सांगितलं, की वरचे सूर लागणार नाहीत, दहा वर्षं गळ्याला हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, माझेही लागणार नाहीत. आल्झो, चला तर. आणि सुरुवात केली.

चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. माझा आवाज पहिल्या ओळीला फाटला. त्यांच्या उजव्या हाताने दोन ठिकाणी सूर सोडले. पण दुसऱ्या कडव्याला आम्ही एकमेकींना सापडलो, ती बाई टोक धरून उभी राहिली, आणि मग त्या चार मात्रा आल्या. मुखडा मला दिसला. मी दात घट्ट दाबले आणि त्याला जाऊ दिलं. पियानो वर चढला, मी त्याच्या शेजारून चढले. नव्या जागी उभी राहिले. प्रत्येक शब्द एकदाच म्हटला. शेवटचा शब्द म्हणून झाला आणि माझे हात सवयीने नमस्काराला जोडले जायला निघाले, कारण माझ्या वहीत पुढे काही नव्हतं.

पण काकू थांबल्या नाहीत. पियानो एकटाच पुढे गेला. शेवटच्या पानावर गाणाऱ्याला काहीच नसतं, आणि म्हणून मी ते कधी लिहून घेतलं नव्हतं, कधी ऐकलंही नव्हतं. त्या हळू, पडत-सावरत, एकेक सूर शोधून ठेवत होत्या. मी हात खाली घेतले आणि उभी राहिले. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. खाली घंटी वाजली. ईरा उठली. काकूंनी पट्ट्यांवरून नजर न काढता नुसती मान हलवली, आणि ती पुन्हा बसली. घंटी दुसऱ्यांदा वाजली. काकूंना घाई नव्हती. शेवटचे तीन सूर त्यांनी एकत्र दाबले आणि दाबून ठेवले, पार विरेपर्यंत, विरल्यानंतरही थोडा वेळ.

मग त्यांनी हात मांडीवर घेतले.

"ईरा," त्या म्हणाल्या, "दार उघड. त्यांना सांग, झालं आमचं."